मागच्या कमानीवरचे ठोके

४ जानेवारी

खारू,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. आत कापडाचे तीन तुकडे आहेत, बाकी माझं अक्षर. फोनवर तू "हो ताई, बरं ताई, गिऱ्हाईक आलंय ताई" यापलीकडे जात नाहीस. तुझ्या चष्म्याच्या दुकानात मी फोन केला की नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक कसं येतं, हे मला अकरा वर्षांत उमगलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबांची जीप शेडमधून बाहेर काढली. माझ्या दवाखान्याची गाडी बंद पडली ती कायमची, आणि डोंगरावरच्या वस्त्यांमधली गुरं काही त्यासाठी आजारी पडायची थांबलेली नाहीत. गेल्या महिन्यात एका अडलेल्या म्हशीपर्यंत मी दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून पोचले. म्हैस वाचली, माझी कंबर गेली. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. बाबांनी त्या दिवसानंतर जीप शेडमध्ये लावली ती लावलीच, स्वतः जाईपर्यंत पुन्हा तिला हात लावला नाही, तरी मिस्त्रीनं दोन दिवसांत इंजिन बोलतं केलं. वरचं कापडी हूड मात्र गेलं. निम्मं उंदरांनी खाल्लंय, उरलेलं बोट लावलं की फाटतं.

तुला हूडवाले काका आठवतात ना? बाबांची दोन्ही हूडं त्यांनीच शिवली होती. अजून तसेच आहेत, कानावर पेन्सिल, तोंडात सुई, आणि सुई तोंडात असतानाच सगळ्यात जास्त बोलतात. त्यांनी हे तीन नमुने दिलेत. पहिलं जुन्यासारखंच जाड खाकी कॅनव्हास. दुसरं आतून रबर लावलेलं. तिसरं चकचकीत प्लास्टिकचं, त्याला तिन्ही बाजूंनी मोठ्या पारदर्शक खिडक्या, चेन ओढली की उघडणाऱ्या. मला तिसरं आवडलंय. पाऊस आत येत नाही, धुतलं की स्वच्छ, आणि मागचं दिसतं. तुझं मत कळव, कारण जीप आपल्या तिघा भावंडांची होती, उंट गेल्यापासून दोघांची आहे.

आईचं सांगायचं राहिलं. तिनं त्या शेडचं दार अकरा वर्षांत उघडलेलं नाही, हे तुला माहीत आहे. परवा ती आपणहून अंगणात आली, जीपकडे बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "नवं हूड घाल. मग मला एकदा उतारावर ने." नदीतला उतार, जिथून आपण पलीकडे गाडी काढायचो, तोच. मी म्हटलं तिथे काय आहे आता. ती म्हणाली, मला उंटाला एक विचारायचंय.

आणखी एक गोष्ट आहे, लिहू की नको असं झालंय. इंजिन चालू झाल्यापासून जीप अंगणात उभी असते. वारा पडलेला असतो, पान हलत नाही, आणि मागच्या बाजूनं ठोके ऐकू येतात. दोन. बाबांचा नियम आपल्याला बाराखडीच्या आधी पाठ होता. मागचा माणूस हूडवर एक ठोका मारील तर थांब, दोन मारील तर मी चढलो, चल. आई स्वयंपाकघरात असते. दोन ऐकले की हातातलं काम न थांबवता म्हणते, "गेला."

मला भीती वाटते, खारू. जीपची नाही, तिच्या त्या आवाजाची.

तुझी ताई

१५ जानेवारी

ताई,

पत्र आणि नमुने मिळाले. कापड तुला हवं ते घे, तुलाच चालवायची आहे. मला विचारशील तर पहिलं. कॅनव्हास श्वास घेतं, प्लास्टिकच्या आत उन्हाळ्यात तू उकडून निघशील.

फक्त मागे खिडकी ठेवू नकोस. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. असलं पारदर्शक प्लास्टिक वर्षभरात पिवळं पडतं, घडी पडली की तिथे चरे उठतात, आणि मग त्यातून जे दिसतं ते असलेलं नसतं. धुक्यात माणूस झुडूप दिसतो, झुडूप माणूस. त्यापेक्षा मागे सरळ कापड असू दे. मागचं बघायला बाजूला आरसे आहेतच.

ठोके वाऱ्याचे असतील. जुनं कापड, त्याखालच्या जुन्या लोखंडी कमानी. आईला उतारावर नेऊ नकोस. तिचे गुडघे पाहता तो रस्ता तिला झेपणारा नाही.

माझं बरं चाललंय. दुकानापासून खोली जवळ आहे, चालत जातो. दिवसभर भिंग घासतो, संध्याकाळी डोळे दुखतात, बाकी तक्रार नाही.

खारू

२४ जानेवारी

खारू,

लोकांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवणारा माणूस बहिणीला म्हणतो, मागचं दिसायला नको. वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

काकांनी जुनं हूड उतरवायला घेतलंय. त्यांची पद्धत तुला माहीत नसेल. ते मापं घेत नाहीत. म्हणतात, माप गाडीचं असतं, हूड माणसांचं होतं. जुनं हूड टाका-टाका उसवतात, तुकडे नव्या कापडावर पसरतात आणि त्याबरहुकूम कापतात. तर काल त्यांनी मला हाक मारली. मागच्या डाव्या बाजूच्या वरच्या तुकड्याला मधोमध फुगवटा आहे, पालथ्या वाटीएवढा, आणि आतून तिथे तेलकट काळा डाग आहे. काकांना वाटलं कसली गळती असेल. मी बोट लावलं आणि मला कळलं. उंटाचं डोकं. इतका उंच होता की मागे बसला की मान वाकडी करून बसायचा, तरी टाळू छताला घासायचीच. काका विचारत होते, बेतणी अशीच केली तर नव्या कापडात हा फुगवटा येईल, सपाट करू का? मी म्हटलं सांगते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्याच्या डोक्याला जागा ठेव."

आता मला जे अकरा वर्षं विचारायचं आहे ते विचारते. वाईट वाटून घेतलंस तरी चालेल.

तू सगळ्यांना एकच वाक्य सांगितलंस. बाबांना, आईला, पोलिसांना, मला. "दोन ठोके पडले म्हणून मी निघालो." एक शब्द इकडेतिकडे नाही. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, खारू. मला ते कधीच पटलं नाही. मला वाटतं ठोका पडलाच नाही, किंवा एकच पडला आणि तुला घाई होती. तसं असेल तर मला सांग. मी तुला काही करणार नाही, आता करण्यासारखं काही उरलेलंही नाही.

पण आईनं तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि ते माझ्या संशयापेक्षा वाईट झालं. ती म्हणते, माझ्या पोरानं दोन ठोके मारले, स्वतः चढला नाही, धाकट्याला पुढे घालवलं आणि परत पाण्यात गेला. तो सहा महिने गप्प होता, बाबांनी त्याच्या जमीनमोजणीतली चूक काढल्यापासून नीट जेवत नव्हता, त्या सकाळी घड्याळ फडताळावर काढून ठेवून गेला होता. हे सगळं तिनं जुळवून ठेवलंय. तिला उतारावर जाऊन त्याला एवढंच विचारायचं आहे की तुला घरी का यायचं नव्हतं.

एक की दोन?

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

दोन.

तू विचारलंस म्हणून पुन्हा लिहितो, या वेळी थोडं वेगळं, म्हणजे तुला खरं वाटेल.

गाडी उताराच्या मधोमध रुतली. उंट मागून उतरला, चाकांखाली दगड लावले, जॅक लावला, ढकललं. घड्याळ काढून ठेवण्याचं म्हणशील तर आम्ही दोघंही घड्याळ घरी ठेवून निघालो होतो, पाण्यात उतरावं लागणार हे माहीत होतं. माझं खिडकीत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही कारण मी परत आलो. गाडी निघाली, मी ती काठावर चढवली आणि इंजिन चालू ठेवून थांबलो. हे कुणी मला कधी विचारलं नाही, की मी थांबलो होतो का. मी थांबलो होतो. समोर धुकं, मागे पाण्याचा आवाज. मग ठोके पडले. दोन, लागोपाठ, नेहमीसारखे. मी गिअर टाकला. तीन किलोमीटरवर मी त्याला काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही, वळून बघितलं तर सीट रिकामी. परत गेलो तोवर वरून पाणी आलं होतं आणि उतार उतार राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी त्याला काढला, तेव्हा तू होतीस, मी नव्हतो.

एकच वाक्य सांगत राहिलो कारण तेवढंच एक मला पक्कं माहीत होतं. बाकी सगळं मी रोज नव्यानं बदलून बघतो, ताई. ते वाक्य बदलत नाही.

तुला पटत नसेल तर नको पटू दे. यावर पुन्हा लिहू नकोस. आणि मागे खिडकी नको.

खारू

१२ फेब्रुवारी

चिरंजीव खारू यास हूडवाल्या काकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ताईला न कळवता मागची खिडकी गाळावी असं तू लिहिलंस. बाळा, मी चाळीस वर्षं हूड शिवतोय, पण गाडीवाल्याला न सांगता मी एक बटणही हलवलेलं नाही. तेव्हा ते माझ्याच्यानं होणार नाही. तुझं पत्र मात्र मी ताईला दाखवलेलं नाही, निश्चिंत राहा.

दुसऱ्या कारणानं लिहितोय. आमचं काम अडलंय, आणि माझं काही चुकलं असेल तर तूच सांगू शकशील.

सोमवारी मी जुन्या हूडचं उरलेलं कापड कमानींवरून सोडवत होतो. तुमच्या जीपची मागची कमान बिजागरीवर उचलते, पुढच्या दोन्ही पक्क्या आहेत. ती उचलू नये म्हणून साहेबांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, तिला खालच्या आकड्याशी ताणून धरणारी दोरी माझ्याकडून लावून घेतली होती. ओल असली की दोरी आखडते आणि कापडाचे काजे फाटतात, म्हणून ती संध्याकाळी ढिली करायची आणि सकाळी ताणायची, हा त्यांचाच नियम. तर ती दोरी ढिलीच होती. कापड सुटं करायला मी कमानीवर तळव्यानं एक फटका मारला. आवाज दोन आले. कमान फटक्यानं जरा उचलते आणि परत आपटते, असं ते आहे. उभ्या गाडीत लोखंड तापून निवलं तरी ती कमान जराशी उठून बसत असणार.

ताई समोर चहाचा कप घेऊन उभी होती. म्हणाली, "काका, पुन्हा मारा. एकदाच मारा." मी मारलं. पुन्हा दोन. तिनं मला आठ-दहा वेळा तेच करायला लावलं. मग म्हणाली, आता दोरी ताणून मारा. ताणली, मारलं, तर एकच. आम्हा दोघांना ऐकू येईल असं स्वच्छ एक. मग तिनं विचारलं की दोरी तुम्ही ढिली केलीत का. मी म्हटलं नाही, मी आलो तेव्हा ती अशीच होती. आकड्याला एक सुटी गाठ मारून ठेवलेली, टोक ओढलं की सुटणारी. बरीच जुनी, धूळ बसून घट्ट झालेली. तिनं ती गाठ बराच वेळ पाहिली. कप तिथेच पायरीवर ठेवला आणि आत गेली.

त्याला आज पाच दिवस झाले. कापड कोणतं, खिडकी ठेवायची का, काही सांगत नाही. हाक मारली तर "बघते काका" म्हणते. मी बोलून तिला दुखावलं असेन तर तसं आठवत नाही. तुला काही ठाऊक असेल तर या म्हाताऱ्याला कळव.

हूडवाला काका

१९ फेब्रुवारी

ताई,

काकांचं पत्र आलं. मी त्यांना तुझ्या पाठीमागे लिहिलं होतं हे तुला आता कळलंच, त्याबद्दल नंतर रागव.

एकच ठोका होता.

पत्र हातात घेऊन मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो. मालक विचारत होते की घरी काही वाईट झालं का. मला सांगता येईना की वाईट झालं की चांगलं. त्यानं एक मारला होता. एक म्हणजे थांब. तो काठावर आला होता, गाडीपर्यंत पोचला होता, ताई, त्याचा हात हूडवर होता. थांब म्हणाला आणि जॅक आणायला मागे फिरला असणार. जॅक आम्ही पाण्यातच विसरलो होतो आणि बाबा जॅकवरून काय बोलले असते ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्याला घरी यायचं होतं.

मी दोन ऐकले ते खरे होते आणि त्यानं एक मारला तेही खरं. मी खोटं बोललो नाही, आणि तरी तो "थांब" म्हणाला आणि मी निघून गेलो. या दोन्ही गोष्टी घेऊन कसं राहायचं ते मला अजून जमत नाही.

आईला सांगितलंस का? आणि तू गप्प का आहेस? तुझा संशय खोटा ठरला म्हणून असेल तर त्याचं मला काही वाटत नाही. दोन ओळी तरी लिही.

खारू

१ मार्च

खारू,

दोन ओळींत मावणार नाही.

आईला सांगितलं. काकांना कमानीवर मारायला लावून तिला ऐकवलं, दोरी ढिली असताना आणि ताणून. तिनं दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "म्हणजे त्याला यायचं होतं." मग पदर तोंडाला लावून पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ रडली. इतक्या वर्षांत मी तिला मोकळेपणी रडताना पाहिलं नव्हतं. रडून झाल्यावर तिनं चहा मागितला, साखर जास्त घालून. मला वाटलं, चला, निदान हिचं ओझं उतरलं.

पण तिनं विचारलं नाही ते मी तुला सांगते. दोरी कुणी ढिली ठेवली.

ती गाठ माझी आहे. मी त्या वर्षी गुरांच्या डॉक्टरकीचं शिकत होते आणि घरभर सगळ्याला तीच गाठ मारत सुटले होते, जनावर बिथरलं तर एका ओढीत सुटणारी. तुम्ही दोघं मला चिडवायचा, ताईनं पडदेसुद्धा वासरासारखे बांधलेत म्हणून. सुट्टीत घरी होते म्हणून दोरीचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. संध्याकाळी दव होतं, मी दोरी सोडली. सकाळी उठून ताणायची होती.

मी जागी होते, खारू. मला त्या दिवशी जीप हवी होती, आदल्या दिवशी उंटाशी त्यावरून भांडण झालं होतं, आणि बाबांनी जीप तुम्हाला दिली. मी पांघरुणात पडून इंजिनचा आवाज ऐकत होते. दोरी आठवली होती. मनात म्हटलं, जाऊ दे, फाटू दे काजे, मग कळेल. मुद्दाम उठले नाही.

अकरा वर्षं मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू घर सोडलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते. तुझं वाक्य ठरीव वाटायचं मला, आणि माझ्या वाटणीची गाठ त्या शेडमध्ये तशीच बसून होती. बाबांनी ती पाहिली असेल का, आणि पाहून तशीच ठेवली असेल का, या विचारानं मला झोप लागत नाही. जनावरांच्या मालकांना मी रोज सांगते की तुमची चूक नाही, वेळच तशी होती. स्वतःला ते सांगता येत नाही.

आईला हे सांगायचं धाडस मला झालेलं नाही. तुझी माफी मागते. तू माफ करशील असं समजून मागत नाही.

ताई

९ मार्च

ताई,

दोरी मी पाहिली होती.

सकाळी सामान चढवताना ती लोंबत होती आणि तुझी वासराची गाठ मी ओळखली. उंटानंही पाहिली. तो म्हणाला, ताई रुसलीय वाटतं, आणि हसला. सहा महिन्यांत तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला होता. ताणायला अर्धं मिनिट लागलं असतं. आम्ही दोघं होतो, चार हात होते, आणि आम्ही म्हटलं, राहू दे, परत आल्यावर तिच्याकडूनच ताणून घेऊ. तेव्हा गाठ तुझी एकटीची नाही. ती मोजायला गेलीस तर आमचे दोघांचे हिस्से काढून ठेव.

आता खिडकीचं. मी तुला धंद्यातला माणूस म्हणून सल्ला दिला तो खोटा होता.

ठोके ऐकून मी गिअर टाकला आणि निघता निघता आरशातून मागे बघितलं होतं. जुन्या हूडची मागची खिडकी तुला आठवते, ताकासारखी पांढुरकी झालेली. त्यातून पाण्याच्या दिशेला काहीतरी उंच दिसलं, एक फांदी वर असलेलं. मला ते झुडूप वाटलं. दोन ठोके पडलेत म्हणजे उंट आत आहे, मग बाहेर उभं आहे ते झुडूपच असणार, असं मी धरून चाललो. परत गेलो तेव्हा त्या काठावर एकही झुडूप नव्हतं, ताई.

त्यानं हात वर केला होता. मी त्याला हात वर केलेला पाहिला आणि गेलो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. गाडी चालवणं सोडलं, काचा घासायच्या धंद्यात शिरलो, आणि रोज कुणाच्या तरी डोळ्यांपुढचं धुकं पुसतो. माझ्यासमोरचं जात नाही.

तू माझी माफी मागितलीस म्हणून हे लिहिता आलं. माफ करण्याचा हक्क आपल्या दोघांनाही नाही, तेव्हा तो विषय नको.

वेगळ्या पार्सलनं एक तक्ता पाठवतोय. आमच्याकडे जाड, चरा न पडणारं पारदर्शक प्लास्टिक येतं. कडा मी स्वतः घासल्यात, आठवडाभर दुकान बंद झाल्यावर थांबून. त्याची घडी घालायची नाही, हे काकांना सांग. मागची खिडकी याची करा. मोठी करा. त्यातून जे उभं असेल ते तसंच दिसेल.

आईला दोरीचं सांग. तिला सांगितल्याशिवाय तिला उतारावर नेऊ नकोस, कारण तिथे गेल्यावर तुला सांगावंसं वाटेल आणि तिथे तिला उंट पुरे आहे.

मी येणार नाही. येऊ शकत नाही अजून.

खारू

२ एप्रिल

खारू,

हूड झालं. पहिलंच कापड घेतलं, जाड खाकी. तुझी खिडकी बसवली. काका तक्त्यावरून हात फिरवून म्हणाले, पोरानं कडा चांगल्या मारल्यात. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. डाव्या बाजूचा फुगवटा ठेवला. नव्या कोऱ्या कापडात तो विचित्र दिसतो, मिस्त्रीनं मला दोनदा विचारलं की शिवण्यात चुकलं का. दोरी नवीन घातली, आणि काकांनी मागची कमानही दोन्ही बाजूंनी बोल्टनं आवळून टाकली. आता ती हलायचं नाव घेत नाही. मी तळव्यानं वीसेक वेळा मारून पाहिलं. दर वेळी एकच आवाज.

आईला सांगितलं. दोरीचं, पांघरुणाचं, सगळं. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मला माहीत होतं तू जागी होतीस. तुला उठवायला मी दारापर्यंत आले होते. म्हटलं रुसलीय, झोपू दे." मी तिच्या शेजारी बसून उरलेल्या शेंगा सोलल्या. म्हणजे त्या दोरीपाशी आपण सगळेच येऊन गेलो होतो.

काल गेलो उतारावर. भर दुपार, लख्ख ऊन. आई पुढे माझ्याशेजारी, मांडीवर उशी. सकाळी दोरी मी ताणली, आणि वासराची गाठ नाही, पक्की मारली. पाणी घोट्याएवढं होतं, गाडी सहज पार झाली. काठावर चढले तशी मी विचारलं, थांबू का, तुला काही विचारायचं होतं ना. आई म्हणाली, आता काही विचारायचं नाही, चल.

मी गिअर टाकला आणि मागे ठोका पडला.

एक.

वारा नव्हता. दोरी ताणलेली होती, कमान आवळलेली होती, गाडीत आम्ही दोघीच होतो. माझा पाय ब्रेकवर गेला तो कसा गेला मला सांगता येणार नाही. आई समोर बघत होती. हळूच म्हणाली, "थांब म्हणतोय. थांब."

मी थांबले. इंजिन चालू ठेवलं, जसं तू ठेवलं होतंस. आरशातून तुझ्या खिडकीतलं मागचं दिसत होतं, दगड, पाणी, पलीकडचा रस्ता, सगळं अगदी स्वच्छ. झुडूप नव्हतं, कुणी उभंही नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं, पण मी पाय हलवला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. इंजिन तापलं तरी आम्ही थांबलो. आई एकदाच बोलली, मागे न बघता, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, "सावकाश ये रे, घाई नाही."

मग दोन ठोके पडले.

आईनं उशी सारखी केली आणि म्हणाली, "बसला. चल."

घरी येताना गाडी मागच्या बाजूला जराशी दबल्यासारखी चालत होती, मला वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. अंगणात उतरून हवा पाहिली, चारही टायर ठीक होते. त्यानंतर जीपमधून ठोके आलेले नाहीत, आणि आई कालपासून स्वयंपाकघरात गुणगुणते आहे.

तू येशील तेव्हा स्टेशनवर मी जीप घेऊन येते. तुला चालवायला लावणार नाही. तू मागे बस, तिथून सगळं छान दिसतं. फक्त उजवीकडे बस. डावीकडची जागा भरलेली आहे.

ताई